कारकीर्द गेली, माणूस वाचला

एका खेळाडूची कारकीर्द पंचविसाव्या वर्षी संपली, आणि तरीही ज्या व्यवस्थेत ती संपली ती व्यवस्था यशस्वी ठरली, असे मी म्हटले तर वाचकांना ते विपरीत वाटेल. हा लेख त्या विधानाच्या समर्थनार्थ आहे. प्रशासनात यश मोजण्याची आपली रीत अशी की जे उभे राहिले ते मोजायचे: किती इमारती, किती यंत्रे, किती पदके. जे अनर्थ टळले त्यांची बेरीज कोणत्याच तक्त्यात होत नाही. त्यामुळे ते टाळणारी माणसेही आपल्याला दिसत नाहीत.

यिरी फिशर याचा जन्म १९८० साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात झाला. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगचे संघ दरवर्षी देशोदेशीच्या तरुण खेळाडूंना क्रमाने निवडून घेतात. १९९८ साली डेट्रॉइट रेड विंग्ज या संघाने फिशरला पहिल्याच फेरीत, पंचविसाव्या क्रमांकावर निवडले. उंच, धिप्पाड बांध्याचा हा बचावपटू २००२ साली स्टॅनली कप जिंकणाऱ्या संघात होता. आइस हॉकीत एका बाजूचे सहा खेळाडू एका वेळी बर्फावर असतात. गोलरक्षक सोडला तर बाकीचे जेमतेम पाऊण ते एक मिनिट जिवाच्या कराराने खेळतात आणि बेंचवर येऊन दम घेतात. त्यांची जागा ताजे खेळाडू घेतात. हृदयावर असा चढउताराचा ताण टाकणारे खेळ थोडेच असतील.

२१ नोव्हेंबर २००५ रोजी डेट्रॉइटच्या जो लुईस अरीनात नॅशव्हिल प्रेडेटर्सविरुद्ध सामना चालू असताना, पहिल्याच सत्रात, फिशर बेंचवर कोसळला. त्याची हृदयक्रिया थांबली होती. प्रशिक्षक माइक बॅबकॉक यांनी खेळ थांबवण्यासाठी आकांत केला. संघाचे डॉक्टर टोनी कोलुची जवळच होते. ते तत्काळ पोहोचले, छातीवर दाब देणे सुरू झाले आणि हृदयाला विजेचा धक्का देणारे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, ज्याला थोडक्यात एईडी म्हणतात, ते वापरले गेले. फिशर वाचला. सामना त्या रात्री पुढे खेळला गेला नाही. तो जानेवारी २००६ मध्ये पुन्हा खेळवण्यात आला. फिशर मात्र पुन्हा कधीही लीगमध्ये खेळला नाही. ३०५ सामन्यांवर त्याची कारकीर्द थांबली.

आता दुसरे प्रकरण. अलेक्सेई चेरेपानोव्ह हा रशियाचा खेळाडू. २००७ साली न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सतराव्या क्रमांकावर निवडले होते, पण तो अद्याप मायदेशी ओम्स्कच्या अवांगार्द संघाकडून खेळत होता. १३ ऑक्टोबर २००८ रोजी मॉस्कोजवळच्या चेखव्ह या गावी सामना संपत आला असताना तोही बेंचवरच कोसळला. सामन्यासाठी ठेवलेली रुग्णवाहिका तोवर निघून गेली होती, तिला परत बोलवावे लागले. आणि जे डिफिब्रिलेटर होते त्याची बॅटरी उतरलेली होती, असे तेव्हाच्या वृत्तांतांत नमूद आहे. चेरेपानोव्ह एकोणीस वर्षांचा होता. तो वाचला नाही. पुढे रशियन तपासयंत्रणेने जाहीर केले की त्याला हृदयस्नायूचा दाह होता आणि त्याने खेळायलाच नको होते.

या दोन प्रकरणांतील आजार एक नव्हते, हे मान्य करायला हवे. चेखव्हला सारे काही सज्ज असते तर तो मुलगा नक्की वाचला असता, असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. परंतु प्रशासनाच्या विद्यार्थ्याने लक्षात घ्यावी अशी बाब वेगळीच आहे. कागदावर पाहिले तर दोन्ही ठिकाणी व्यवस्था होती. दोन्ही ठिकाणी डॉक्टर होते, दोन्ही ठिकाणी यंत्र होते. तपासणी अधिकाऱ्याने सामन्याच्या आदल्या दिवशी यादी घेऊन पाहणी केली असती, तर दोन्ही क्रीडागारांसमोर त्याने सारखीच बरोबरची खूण केली असती.

शोध आणि निर्णय

फिशरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. २००२ सालच्या वैद्यकीय तपासणीतच त्याच्या हृदयाच्या विद्युत आलेखात दोष आढळला होता. पुढील तपासण्यांनंतर त्याला खेळण्याची परवानगी देण्यात आली. म्हणजे हा आजार कोणाच्या लक्षातच आला नव्हता, असे नाही. इथे डॉक्टरांना दोष देण्याचा मोह आवरला पाहिजे. सतत कठोर व्यायाम करणाऱ्याच्या हृदयाची भिंत निसर्गतःच थोडी जाड होते, आणि हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आजारातही ती जाड होते. तेरा ते पंधरा मिलिमीटरच्या पट्ट्यात हा निकोप खेळाडू की हा रुग्ण, याचा निवाडा तज्ज्ञांनाही कठीण जातो. साधारणपणे पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो असे मानतात. त्यांतील बहुतेक जण पूर्ण आयुष्य जगतात.

सर्वच खेळाडूंची सक्तीने तपासणी करावी काय, यावरही जगात एकमत नाही. इटलीने १९८२ साली स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना विद्युत आलेखासह तपासणी सक्तीची केली. तेथील व्हेनेटो प्रांतातील १९७९ ते २००४ या काळाचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात खेळाडूंच्या आकस्मिक हृदयमृत्यूंचे प्रमाण सुमारे ८९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. इस्रायलनेही असाच कायदा केला, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने मृत्यूंचे प्रमाण बदलल्याचे दिसले नाही. सारांश असा की तपासणी करावी, पण तपासणी केली म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मानू नये. चाळणी कितीही बारीक केली तरी काही खडे खाली उतरतातच.

दोष आढळल्यावर निर्णय कोणी घ्यायचा, हा त्यापुढचा प्रश्न. त्याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. अन्वर अली हा २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात खेळलेला बचावपटू. २०१९ साली त्याच्या हृदयात दोष आढळला. २०२० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याचा सराव थांबवण्यास सांगितले आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे त्याला खेळण्याची मुभा मिळाली. तो एफसी गोवाकडून खेळला आणि २०२२ साली राष्ट्रीय संघातही आला. त्याला खेळू देणे योग्य होते की अयोग्य, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. मला दिसतो तो प्रक्रियेचा अभाव. एका तरुणाच्या उपजीविकेवर आणि जिवावर एकाच वेळी परिणाम करणारा निर्णय कोणत्या समितीने, किती दिवसांत, कोणत्या निकषांवर घ्यावा आणि त्यावर अपील कोठे असावे, हे आधीच लिहून ठेवलेले असते, तर त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम, २०२५ मध्ये क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद झाली आहे. अशा प्रकरणांचा निपटारा त्वरेने व्हावा, एवढी अपेक्षा त्याकडून बाळगता येईल.

पहिली पाच मिनिटे

तपासणी अपुरी असते आणि निर्णय चुकू शकतो. म्हणून तिसरा टप्पा निर्णायक ठरतो, आणि तो मिनिटांत मोजला जातो. हृदयक्रिया बंद पडल्यावर काहीच उपचार न झाल्यास, विजेचा धक्का मिळण्यास जो उशीर होतो त्यातील प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. दहा मिनिटांनंतर फारसे काही उरत नाही. आपल्या शहरांतील वाहतुकीत कोणतीही रुग्णवाहिका, तिचे चालक कितीही तत्पर असले तरी, पाच मिनिटांत पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. तेव्हा पहिली पाच मिनिटे जो जागेवर हजर आहे त्याचीच असतात. तो डॉक्टर असण्याची गरज नाही. मिनिटाला १०० ते १२० वेळा छातीवर खोल दाब देणे हे अर्ध्या दिवसात शिकता येते. एईडी तर बोलून सूचना देते आणि गरज नसेल तर धक्का देतच नाही.

डेट्रॉइटला हे जमले याचे कारण केवळ श्रीमंती नव्हे. कोसळलेल्या माणसाकडे कोणी धावायचे, खेळ कोणी थांबवायचे, यंत्र कोठे आहे, हे त्या क्षणी कोणाला विचारावे लागले नाही. त्यानंतर लीगने या व्यवस्था अधिक काटेकोर केल्या. बेंचजवळ यंत्र आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असणे हा नियम झाला. मार्च २०१४ मध्ये डॅलस स्टार्सचा रिच पेव्हरली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सेंट लुईस ब्लूजचा जे बोमीस्टर हे असेच बेंचवर कोसळले. दोघेही वाचले आणि दोघांच्याही कारकिर्दी तेथेच संपल्या. फिशर, पेव्हरली, बोमीस्टर ही तीन नावे पदकांच्या यादीत शोधली तर अपुऱ्या कारकिर्दींची उदाहरणे म्हणून दिसतील. मला ती एका नियमाच्या यशाची उदाहरणे वाटतात.

आपल्याकडे

५ डिसेंबर २००४ रोजी, म्हणजे फिशरच्या घटनेच्या वर्षभर आधी, बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना चालू होता. गोव्याच्या डेंपो संघाचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनिअर याने आपला दुसरा गोल केला, त्याच क्षणी तो मोहन बागानच्या गोलरक्षकावर आदळला आणि मैदानावर कोसळला. त्याचा मृत्यू झाला. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेवर देशभर टीका झाली. त्यानंतर सात वर्षांनी, मार्च २०१२ मध्ये, त्याच शहरात जिल्हा पातळीवरील फुटबॉल सामन्यात एक खेळाडू कोसळला; मैदानावर रुग्णवाहिका नव्हती, म्हणून सहकाऱ्यांनी त्याला रिक्षातून रुग्णालयात नेले. तोही गेला. पहिल्या घटनेने राष्ट्रीय स्पर्धेचे डोळे उघडले असतील, पण ते शहाणपण जिल्ह्यापर्यंत पोहोचले नाही. आपल्या प्रशासनाचा हा जुना अनुभव आहे. दुर्घटना मोठी असेल तर परिपत्रक निघते. ते परिपत्रक शेवटच्या मैदानावर कोण वाचणार, याची नोंद मात्र कोठेच नसते.

आइस हॉकी हा खेळ भारतात लडाखने जिवंत ठेवला आहे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गोठलेल्या तळ्यांवर मुले-मुली खेळतात; लष्कराचे आणि आयटीबीपीचे संघ तेथे नावाजलेले आहेत. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील आइस हॉकीचे सामने लेहला झाले आहेत. आपल्या महिला संघाने २०२५ साली संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशियाई चषकात कांस्यपदक मिळवले. हा खेळ वाढणार, आणि तो वाढला पाहिजे.

आता एक व्यावहारिक बाब पाहा. बाजारात मिळणारी बहुतेक एईडी यंत्रे शून्य ते पन्नास अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेली असतात. उघड्या तळ्याकाठी उणे पंधरा अंशांत ते यंत्र पेटीत ठेवले, तर त्याची बॅटरी आणि चिकटपट्ट्या ऐन वेळी दगा देऊ शकतात. ते उबदार खोलीत ठेवायचे म्हटले तर त्या खोलीची किल्ली कोणाकडे आणि खोली बेंचपासून किती पावलांवर, हे प्रश्न आलेच. खरेदीच्या नस्तीत यांतील एकही प्रश्न सुटत नाही. तेथे निविदा, दर, पुरवठा आणि शेवटी जडसंग्रह नोंदवहीतील एक ओळ, एवढ्यावर काम पूर्ण होते. नोंदवहीतले यंत्र मात्र कुलूपबंद कपाटात सुरक्षित राहते, कारण ते हरवले तर वसुली निघते आणि ते वापरले गेले नाही तर कोणावरच काही निघत नाही. हा दोष माणसांचा कमी आणि आपण ठरवलेल्या जबाबदारीच्या स्वरूपाचा अधिक आहे.

काय करता येईल

मैदानावर कार्यक्रम घ्यायचा तर आयोजकाला अनेक परवानग्या लागतात: पोलिसांची, अग्निशमन विभागाची, ध्वनिक्षेपकाची. परवानगीच्या आदेशात वैद्यकीय बाबीचे एक वाक्यही असते: 'आयोजकांनी आवश्यक ती वैद्यकीय व्यवस्था ठेवावी.' या वाक्यात कोणाचे नाव नाही, वेळ नाही आणि पडताळणी नाही. त्याऐवजी चार ओळी लिहून घ्याव्यात. कोणी कोसळल्यास प्रथम धावणाऱ्या दोन प्रशिक्षित व्यक्तींची नावे. यंत्र कोठे ठेवले आहे ती जागा. त्या दिवशी सकाळी बॅटरी तपासणाऱ्याची सही. शेवटचा माणूस मैदानाबाहेर पडेपर्यंत रुग्णवाहिका हलणार नाही, याचे लेखी बंधन. चेखव्हला नेमक्या याच ओळी कोऱ्या राहिल्या होत्या. यासाठी नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकारी किंवा महापालिका आयुक्त हे काम आदेशातील अटींद्वारे उद्यापासून करू शकतात.

कायद्याची गरज आहे ती दुसऱ्या एका ठिकाणी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या परोपकारी व्यक्तीला संरक्षण दिले आहे, पण ते रस्त्यावरील अपघातापुरते. मैदानावर, सभागृहात वा रेल्वे फलाटावर कोसळलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवणाऱ्याला तसेच स्पष्ट संरक्षण मिळाले, तर 'नको, पोलिसांचे लचांड मागे लागेल' ही सबब उरणार नाही.

यावर अपेक्षित आक्षेप असा की ज्या देशात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे पुरत नाहीत, तेथे एका दुर्मिळ घटनेसाठी यंत्रे घेणे ही चैन आहे. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. प्रत्येक मैदानावर यंत्र लावा, असे मी म्हणतही नाही. पण छातीवर दाब देणारे हात विकत घ्यावे लागत नाहीत. क्रीडाशिक्षक, पंच, पोलीस शिपाई, राष्ट्रीय छात्र सेनेची मुले यांना वर्षातून एकदा सराव देणे हे कोणत्याही जिल्ह्याच्या आवाक्यातले आहे. आणि हे हात केवळ खेळाडूसाठी नसतात. मैदानावर खेळाडू क्वचित कोसळतो; प्रेक्षकांत बसलेले साठीचे गृहस्थ त्याहून अधिक वेळा कोसळतात.

चौथा टप्पा नंतरचा. फिशर वाचल्यावर त्याच्या संघाने त्याला तरुण खेळाडूंच्या विकासाचे काम दिले आणि ते त्याने अनेक वर्षे केले. पेव्हरलीलाही त्याच्या संघाने तसेच काम दिले. ज्याने वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षापासून एकच गोष्ट केली, त्याच्याकडून ती एका संध्याकाळी काढून घेतली जाते. जीव वाचल्याचा आनंद ओसरल्यावर सकाळी उठून करायचे काय, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे पदक मिळवणाऱ्यास नोकरी देण्याची धोरणे आहेत. पदकापर्यंत पोहोचण्याआधी आजाराने थांबलेल्या गुणी मुलामुलीसाठी मात्र फारसे काही नाही. अशी मुले संख्येने थोडी असतात. प्रशिक्षक, पंच, क्रीडा अधिकारी यांच्या नेमणुकांत त्यांच्यासाठी जागा ठेवणे राज्यांना जड जाऊ नये. याचा एक दूरचा फायदाही आहे. पुढे काही तरी वाट आहे हे ठाऊक असलेला खेळाडू छातीतले दुखणे लपवत नाही. आज अनेक जण ते लपवतात, कारण डॉक्टरला सांगणे म्हणजे सर्वस्व गमावणे, असे त्यांना वाटते.

हा लेख वाचणारे पुष्कळ जण महाराष्ट्राबाहेर आहेत. कोणी दिल्ली, बंगळूर वा इंदूरला, तर कोणी टोरांटो वा डेट्रॉइटच्या परिसरात, जेथे मुलांना पहाटे रिंकवर नेणे हा घरचा नित्यक्रम असतो. तेथील सार्वजनिक क्रीडागारांत भिंतीवर टांगलेली एईडीची पेटी आपण पाहिली असेल. पुढच्या वेळी मुलाच्या प्रशिक्षकाला एवढेच विचारावे: ही पेटी कोण उघडणार आहे, आणि ती शेवटची कधी तपासली? आपल्या शहरातील मराठी मंडळाचा गणेशोत्सव ज्या सभागृहात होतो, तेथेही आजी-आजोबा तासन् तास बसलेले असतात. मंडळाच्या कार्यकारिणीत प्रसाद, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांचे प्रमुख ठरतात, तसा या एका कामाचा माणूसही ठरवावा. त्याचे नाव सूचनाफलकावर ठळक लिहावे. उत्सव निर्विघ्न पार पडला तर त्या माणसाने काय केले, असे कोणीतरी विचारीलच. त्यावर त्याने खुशाल सांगावे की काहीच केले नाही, फक्त रोज सकाळी पेटी उघडून पाहिली.